पश्चिमेच्या खोलीचा कोपरा

बार्टली फोलन गवंडी होता. आयर्लंडमधल्या लिसनागॉल गावातल्या निम्म्या भिंती त्याच्या हातच्या. शाळेची मागची भिंत, दुकानापुढचा ओटा, चर्चच्या फाटकाचे दोन खांब. त्याचं स्वतःचं घर मात्र वडिलांनी ठेवलं तेवढंच राहिलं: एक स्वयंपाकघर, एक झोपायची खोली, वर माळा आणि पूर्वेला भिंतीला भिंत लावून गोठा.

"गावाला घरं बांधून दिलीस आणि स्वतः खुराड्यात राहतोस," असं शेजारची डेलिया प्रेंडरगास्ट म्हणायची.

"खुराड्याला एक कोंबडा पुरतो," बार्टली म्हणायचा. बायको सबिना गेल्यापासून तो एकटाच होता. मुलगा फिंटन इंग्लंडात, कॉव्हेंट्रीच्या मोटार कारखान्यात.

बार्टली हाताने चोख आणि तोंडाने कंजूष. दगड एकदाच उचलायचा हा त्याचा नियम. आधी ढिगाकडे बघायचं, कुठला दगड कुठे बसेल ते डोळ्यांनी ठरवायचं आणि मगच कंबर वाकवायची. उचलून, फिरवून, नाही जमलं म्हणून खाली टाकणारा माणूस दिवसभरात दुप्पट वजन उचलतो आणि त्याची भिंत निम्मीच होते. बार्टलीच्या हाताखाली असले गडी टिकले नाहीत.

त्याच्या घराच्या पश्चिमेला एक वावर होतं आणि त्या वावराच्या शेवटी गढी. गढी म्हणजे मातीचा गोल बांध, आत खळगा, बांधावर जुनी काटेझाडं. बांधाला पूर्वेकडे एक खिंड होती. तिथून आत जायला वाट होती, पण त्या वाटेने कुणी जायचं नाही. बांधातून चपटे, तासलेले वाटावेत असे दगड बाहेर डोकावायचे. कुठल्याही गवंड्याच्या तोंडाला पाणी सुटेल असे. बार्टलीने त्यातला एकही कधी घेतला नाही. ओढ्यापलीकडच्या खाणीतून चढणीवर हातगाडी ढकलत तो दगड आणायचा. गाय व्यायली की पहिला चीक त्या बांधावर ओतून यायचा. गढीत राहणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या मंडळींचं नाव तो घेत नसे. बोलायचीच वेळ आली तर "तिकडची मंडळी" म्हणायचा, आणि तेही आवाज उतरवून.

फिंटन बायकोला घेऊन परत आला तेव्हा हिवाळा सरत आला होता. बायको नोरीन रॉसकॉमनची. तिचीही बरीच वर्षं कॉव्हेंट्रीत शिलाईच्या कारखान्यात गेलेली. अंगाने किरकोळ, बोलायला गोड, आणि पोटुशी. फिंटनला रस्त्याच्या कामावर नोकरी मिळाली होती. आपलं पोर आपल्या घरात जन्माला यावं असं त्याने ठरवलं होतं. नोरीनने काय ठरवलं होतं ते कुणी विचारलं नव्हतं.

एका संध्याकाळी जेवताना फिंटन म्हणाला, "बाबा, एक खोली काढायला हवी."

"काढू की. कुठं?"

"कुठं म्हणजे? पूर्वेला गोठा. समोर रस्ता. मागे चढ. राहिलं काय?"

बार्टलीने काटा खाली ठेवला. राहिली होती पश्चिम. ती बाजू तिकडच्या मंडळींची मानत, म्हणून लिसनागॉलमध्ये एकाही घराला पश्चिमेकडे खोली नव्हती. त्याने स्वतः इतकी घरं वाढवली, पण पश्चिमेला एक वीतभरही नाही.

"पश्चिमेला थंडी फार," तो म्हणाला.

"भिंत जाड घाला. तुम्हाला काय सांगायचं?" फिंटन हसला. "का दुसरंच काही आहे? बाबा, कॉव्हेंट्रीत रात्रभर भट्ट्या जळतात. रस्त्यावर लख्ख उजेड. तिथं कुणी कुणाच्या वाटेत येत नाही."

"तिथली गोष्ट वेगळी."

"मग आम्ही तिकडेच जाऊ? एका खोलीत तिघंचौघं कसे राहणार?"

हे त्याने सहज म्हटलं. बार्टलीने ते सहज घेतलं नाही. सबिनानंतरचे हिवाळे त्याने कसे काढले ते त्यालाच ठाऊक. आता चुलीपाशी बोलणं होतं, दोरीवर कपडेलत्ते वाळत होते, पाळण्याची गोष्ट निघत होती. खोली झाली तर ही माणसं राहणार. नाही झाली तर जाणार. तो एवढंच म्हणाला, "आधी जागा विचारून बघतो."

"कुणाला?" फिंटनने विचारलं.

नोरीनने नवऱ्याला कोपराने ढोसलं. "तुला कळतंय कुणाला ते."

जागा विचारायची रीत जुनी. दिवस मावळताना खोलीच्या चारी कोपऱ्यांच्या जागी एकेक चपटा दगड ठेवायचा, त्यावर एक लहान दगड, त्यावर एक खडा. सकाळी सगळे जागच्या जागी असले तर खुशाल बांधा. एखादा हलला असला तर ती जागा कुणाच्या तरी येण्याजाण्याची आहे असं समजायचं आणि सोडून द्यायची. बार्टलीने दुसऱ्यांच्या घरांसाठी हे कितीदा केलं होतं. दोनदा लोकांना जागा सोडायला लावली होती, आणि त्यांनी मुकाट्याने सोडली होती.

पायासाठी आणलेले दगड त्याने वावरात, भिंती यायच्या त्या रेषेवर, आधीच रांगेने मांडून ठेवले होते, म्हणजे नंतर पुन्हा वाहायला नकोत. मग चार कोपरे मांडले. डेलिया कुंपणापलीकडून बघत होती.

"पश्चिमेला रे, बार्टली?"

"बघतोय."

"बघ बाबा. मरण जवळ आलं की रात्री रडत येणारी ती केस विंचरणारी बाईसुद्धा तुझ्यासाठी यायची नाही. ती मोठ्या घराण्यांसाठी रडते. गवंड्यांसाठी कशाला घसा बसवेल?"

"तू आहेस की. तुझा घसा काही बसत नाही."

डेलिया हसली, पण हसता हसता तिने छातीवर क्रूस काढला.

सकाळी बार्टली बाहेर आला तेव्हा गवतावर दव होतं. पहिला कोपरा बघितला, ठीक. दुसरा ठीक. तिसरा ठीक. चौथा कोपरा वायव्येचा, गढीच्या खिंडीसमोरचा. तिथला चपटा दगड हातभर बाजूला सरकला होता. वरचे दोन्ही खाली पडले होते.

तो उकिडवा बसला. दगड मुळात होता तिथली जमीन कोरडी होती, भोवती दव. म्हणजे दव पडल्यावर हलला. मेंढी म्हणावी तर ओल्या गवतात खुरं उमटली असती. खुरं नव्हती. माणसाचं पाऊलही नव्हतं. वारा म्हणावा तर एवढा दगड हलवणाऱ्या वाऱ्याने छप्पर नेलं असतं.

आपल्याला काय करायला हवं हे त्याला पक्कं माहीत होतं. दुसऱ्या कुणाचं घर असतं तर तो ओळंबा गुंडाळून चहा न घेता निघाला असता.

घराचं दार वाजलं. नोरीन किटली घेऊन उंबऱ्यात उभी होती. तिच्यामागून फिंटनचा आवाज आला, "काय म्हणतायत तिकडचे, बाबा? परवानगी दिली का?"

बार्टलीने पाठ दाराकडे ठेवून दगड मूळ जागी सरकवला. दोन लहान वर रचले. मग उठला.

"ठीक आहे," तो म्हणाला. "सगळं ठीक."

नोरीनच्या हातातली किटली कलंडली आणि पाणी उंबऱ्यावर सांडलं. सकाळी सकाळी जड किटली, असं त्याला वाटलं.

त्याने पाया खणला. फिंटन कामावरून आल्यावर वाळू चाळायचा, चुना कालवायचा. काम चांगलं चाललं होतं, पण बार्टलीला सुख नव्हतं. तीन कोपरे तो नेहमीच्या हाताने बांधायचा. वायव्येच्या कोपऱ्यापाशी आला की हात जड व्हायचे. तिथे पाठ गढीकडे करून उभं राहायला नको वाटायचं आणि तोंड करून उभं राहायलाही. त्याने पायात एक लोखंडी नाल पुरली. वर पवित्र पाणी शिंपडलं. दोन्हींचा एकमेकांशी काही तंटा होऊ नये म्हणून दोन्हींच्या मध्ये मातीचा एक थर दिला.

भिंत छातीपर्यंत आली आणि एका सकाळी तांबडी कोंबडी कोंबड्यासारखी आरवली.

सगळ्यांनी तो अपशकुन ऐकला. फिंटन पाव चावता चावता थांबला, मग मोठ्याने चावायला लागला. बार्टली उठला, कोंबडी धरली, गोठ्यामागे नेऊन मान पिरगळली. दुपारी डेलियाने विचारलं, "बरी अंडी देत होती ना रे ती?" तो म्हणाला, "देत होती." डेलियाने पुढे विचारलं नाही. तिने न विचारणं हेच त्याला जास्त लागलं.

मग नोरीन बिघडली. जेवण जाईना. रात्री झोपत नाही असं फिंटन सांगायचा. दिवसा ती नव्या भिंतीकडे जाता येता बघायची, आणि बार्टलीने तिच्याकडे बघितलं की डोळे खाली. एकदा एक लाल छातीचा इवला पक्षी बिनछपराच्या खोलीत शिरला आणि बाहेर पडायची वाट सापडेना म्हणून भिंतींवर आपटत राहिला. वर सगळं आभाळ मोकळं होतं, पण तो वर जाईना. असा पक्षी घरात शिरला की मरणाची खूण मानतात. नोरीन दारात उभी राहून बघत होती. तिचे ओठ पांढरे पडले. त्याच दुपारी तिच्या पोटात कळ आली आणि थोडा रक्तस्राव झाला.

डॉक्टर सायकलवरून आले. बाळ ठीक आहे, पण बाईंनी अंथरुणातून उठू नये, जड उचलू नये, जिवाला घोर लावून घेऊ नये, असं सांगून गेले. फिंटनने त्यांना रस्त्यापर्यंत पोचवलं. परत आला तेव्हा खोलीतून पहारीचा आवाज येत होता.

बार्टली वायव्येचा कोपरा उतरवत होता.

"बाबा! हे काय?"

"कोपरा कापतो."

"कापतो म्हणजे?"

"इथून तिथपर्यंत तिरकी भिंत घेतो. कोपरा राहणार नाही. वाट मोकळी राहील."

"कसली वाट?"

बार्टलीने पहार पुन्हा सांध्यात घातली. तो दगड सोडवत होता. स्वतःच्या हाताने घट्ट बसवलेले, चुना धरलेले दगड. बांधायला जेवढा जोर लागतो त्याहून सोडवायला जास्त लागतो, कारण दगड फुटू द्यायचा नसतो. आणि तिरक्या भिंतीला दोन नवे कोन येतात. दोन्हींसाठी दगड वेगळ्या तोंडाने घडावे लागतात. खाणीत तसे मिळत नाहीत. एकेक दगड छिन्नीने तासायचा. त्याची कंबर आधीच गेलेली होती. वाकला की तोंडातून कण्हणं निघायचं आणि ते कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून तो हातोडा जोराने मारायचा.

"पाळणा त्या कोपऱ्यात बसणार होता," फिंटन म्हणाला.

"म्हणूनच."

फिंटनने सुटलेला एक दगड पायाने बाजूला लोटला. मग म्हणाला, "तुम्ही त्या सकाळी म्हणालात, सगळं ठीक आहे."

"म्हणालो."

"मग?"

"मग काही नाही. चुना कालव. नाहीतर जा, बायकोजवळ बस."

फिंटन पाय आपटत गेला.

दुसऱ्या दिवशी फिंटन कामावर होता. बार्टली छिन्नीने दगड तासत बसला होता. सावली पडली म्हणून त्याने वर बघितलं. नोरीन उभी होती. अंगावर शाल, पायात फिंटनचे बूट.

"तुला उठायचं नाही सांगितलंय."

"बाबा, थांबा. तो कोपरा पाडू नका."

"पाडून झाला. आता चढवतोय. आत जा."

"दगड मी हलवला होता."

बार्टलीने छिन्नी बाजूला ठेवली. नोरीन तिथल्याच एका दगडावर बसली. 

"कसा? गवतात पाऊल नव्हतं."

"तुम्ही दगड रांगेने मांडले होते ना? त्यांच्यावरून चालत गेले. उजाडायच्या आत. मला माहीत होतं तुम्ही दव बघणार. माझा आजापण बघायचा."

"त्या सुट्या दगडांवरून? या अवस्थेत? अंधारात?" बार्टलीचा आवाज चढला. आजवर तिच्यापुढे चढला नव्हता. "एखादा डुगला असता म्हणजे? अक्कल कुठं ठेवली होतीस, पोरी?"

नोरीन रडायला लागली. रडता रडता बोलत राहिली. "मला इथं राहायचं नाही, बाबा. तुम्ही चांगले आहात. तुमच्यामुळे नाही. पण माझ्या मैत्रिणी तिकडे, माझं मशीन तिकडे. इथं दिवसभर वावराकडे बघायचं आणि डेलियाबाईंचं ऐकायचं. फिंटनला सांगायला गेले की तो म्हणतो, बाबा एकटे आहेत. मग मी काय बोलणार? वाटलं, दगड हलला म्हणजे तुम्हीच खोली नको म्हणाल. मग तोच म्हणेल, चल परत. कुणाचंच कुणाला वाईट वाटणार नाही."

"आणि मी ठीक म्हणालो."

"तुम्ही ठीक म्हणालात." तिने डोळे पुसले. "मी दारातून बघितलं, तुम्ही दगड सरकवलात. तेव्हापासून माझ्या डोळ्याला डोळा नाही. मी त्यांच्या नावाने खोटं बोलले. तुम्ही त्यांच्या तोंडावर हात ठेवलात. मग कोंबडी आरवली, मग तो पक्षी. बाबा, आता ते वसूल कुणाकडून करतील?"

तिचे दोन्ही हात पोटावर होते.

बार्टलीला खरं म्हणजे हायसं वाटायला हवं होतं. दगड माणसाने हलवला होता. वाट नव्हती, कुणी येत नव्हतं की जात नव्हतं. त्याने ते मनात दोनदा म्हणून बघितलं. हायसं वाटेना.

"नोरीन," तो म्हणाला, "चार कोपरे होते. घराजवळचे दोन सोडून तू सगळ्यात लांबचा का धरलास?"

ती आठवून बघत होती.

"माहीत नाही," ती शेवटी म्हणाली. "जवळचाच हलवायचा ठरवून निघाले होते. पाय तिकडेच गेले."

दोघांनीही एकदम गढीकडे बघितलं आणि एकदम नजर काढून घेतली. बांधाची खिंड समोरच होती. काटेझाडांना पांढरा फुलोरा आला होता. वारा असूनही त्यातली एकही फांदी हलत नव्हती, किंवा बार्टलीला तसं वाटलं.

"आत जा," तो म्हणाला. "झोप. फिंटनला काही सांगू नकोस. मी बघतो."

तो दुपारभर दगड घडत राहिला. हात काम करत होते आणि डोकं वेगळीकडे. सबिना या घरात आली तेव्हा तिची बहीण अमेरिकेला निघाली होती. जहाजाचं तिकीट सबिनाचंही निघत होतं असं त्याने नंतर, तिच्या दफनाच्या दिवशी, डेलियाच्या तोंडून ऐकलं. त्याने सबिनाला कधी विचारलं नव्हतं. तिने कधी सांगितलं नव्हतं. संसार बरा झाला होता. पण तिला विचारलं असतं तर ती काय म्हणाली असती, हे त्याला आता कुठूनच कळणार नव्हतं.

खोली पुरी करणं त्याच्या हातात होतं. नोरीनचं गुपित गिळून टाकायचं, कोपरा सरळ घ्यायचा, छप्पर चढवायचं. ती पुन्हा तोंड उघडणार नव्हती. तसली माणसं त्याला ठाऊक होती. ती राहिली असती.

संध्याकाळी नोरीन हट्टाने उठून टेबलाशी आली. बटाटे, कोबी, मिठातलं मांस. फिंटन अजून धुमसत होता. बार्टलीने दोन घास खाल्ले आणि म्हणाला, "फिंटन, दगड हलला होता."

"कुठला दगड?"

"वायव्येचा. त्या सकाळी. मी मागे सरकवला आणि तुम्हाला ठीक म्हणालो."

फिंटन हसला. मग बापाच्या चेहऱ्याकडे बघून थांबला.

"मेंढी असेल."

"खुरं नव्हती."

"कुत्रं."

"हातभर सरकला होता, फिंटन."

फिंटनचा चेहरा हळूहळू उतरला. कॉव्हेंट्रीच्या भट्ट्या, लख्ख रस्ते, सगळं त्याच्या अंगावरून गळून पडलं, आणि पावसाळी दुपारी आईच्या मागे लपून गढीकडे बघणारं पोर तेवढं उरलं. "आणि तुम्ही बांधत राहिलात? हिला त्या भिंतीआड झोपवणार होतात? पोराला?"

"होय."

"का?"

"तुम्ही राहावं म्हणून."

"कसले बाप तुम्ही!" फिंटन उठला. खुर्ची मागे पडली. "कोंबडी आरवली तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं. ही कळवळत होती तेव्हा ठाऊक होतं. आणि तुम्ही मला वाळू चाळायला लावत होतात!"

नोरीनने तोंड उघडलं. बार्टलीने बटाट्यांचं भांडं तिच्यापुढे सरकवलं.

"बटाटे घे," तो म्हणाला. "फोडून लोणी घाल. अंगात काही राहिलं नाही तुझ्या."

 मग तिने एक बटाटा घेतला.

"डॉक्टर हलायला परवानगी देतील त्या दिवशी निघा," बार्टली फिंटनला म्हणाला. "मूल इथं व्हायला नको. तिकडे दवाखाने आहेत. माणसं आहेत. जागा बरोबर नाही, यात कुणाचा दोष नाही. दोष असलाच तर माझा."

डॉक्टरांनी परवानगी दिली तेव्हा गवत कापणीला आलं होतं. फिंटनने निघताना बापाचा हात हातात घेतला, पण नीट दाबला नाही. बस वळणावर दिसायला लागली तेव्हा नोरीन मागे थांबली.

"मी सांगेन त्याला एक दिवस," ती हळूच म्हणाली.

"आधी बाळ होऊ दे."

"बाबा, ते तिकडेही येतात का हो? पाण्यापलीकडे?"

बार्टलीला माहीत नव्हतं. म्हातारी माणसं म्हणायची, वाहतं पाणी ओलांडत नाहीत. पण समुद्र वाहतो की नुसता हलतो, हे त्याने कधी कुणाला विचारलं नव्हतं.

"नाही येत," तो म्हणाला. "पाळण्यावर लोखंडी चिमटा आडवा ठेव. पण नाही येत."

त्यानंतर त्याचे दिवस वाईट गेले. गावात बातमी पसरलीच. फोलनच्या सुनेला त्या मंडळींनी पिटाळलं, असं लोक म्हणायला लागले, आणि त्याने ते खोडून काढलं नाही. डेलिया मात्र सरळ विचारायची.

"तू खरंच बघितलास का रे दगड हललेला?"

"बघितला."

"कुणी हलवला?"

"हलवताना मी बघितलं नाही."

"लबाड आहेस. मला तर वाटतं तुझ्या हातचं सूप खाऊन पळाली ती."

तो खोली बांधत राहिला. तिरकी भिंत चढत गेली. कुणी विचारलं, आता कशासाठी, तर म्हणायचा, अर्धी भिंत पावसात राहिली की सांध्यांत पाणी शिरतं. ते खरं होतं. पण पोस्टमनची सायकल चढणीवर दिसली की हातातला दगड तसाच राहायचा. सायकल पुढे गेली तर एक भीती टळायची आणि दुसरी सुरू व्हायची, की काहीतरी झालंय आणि कळवायला कुणाला सुचत नाहीये. रोज संध्याकाळी तो गढीच्या बांधापर्यंत जायचा. गाय व्यायली नव्हती, चीक नव्हता, म्हणून साधं दूधच ओतायचा. बोलायचा काही नाही. काय बोलावं ते सुचायचं नाही. माफी कुणाच्या खोट्याबद्दल मागायची, तिच्या की आपल्या, हे ठरत नव्हतं.

एका दुपारी डेलिया दुकानाकडून पळत आली. त्या बाईला पळताना त्याने उभ्या आयुष्यात बघितलं नव्हतं. तो शिडीवर होता. तिचं पळणं बघून त्याने शिडीचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि डोळे मिटले.

"मुलगी!" डेलिया धापा टाकत म्हणाली. "फोन आला दुकानात. मुलगी झाली. दोघी ठीक."

"नीट ऐकलंस का?"

"मी बहिरी नाही."

"हातपाय? रडली का?"

"फोनवर रडत होती रे, मेल्या! अख्ख्या दुकानाने ऐकलं. तुझ्यापेक्षा जास्त बोलते."

बार्टली शिडीवरून उतरला. खालच्या पायरीवर बसून राहिला. डेलियाने त्याला बसू दिलं. एप्रनने तोंड पुसत ती खोलीत शिरली, सगळीकडे फिरली, तिरक्या भिंतीवर तळहात फिरवला.

"काम सुरेख झालंय," ती म्हणाली. "पण आता सगळं सुखरूप पार पडलं. हा कोपरा सरळ करून टाक की. खोली केवढी तरी मोठी होईल."

"नाही."

"का रे? अजून भितोस?"

बार्टली उठला. उन्हात त्याने एकदा गढीच्या खिंडीकडे बघितलं आणि मग भिंतीकडे.

"ती कधीतरी आजोबाला भेटायला येईल," तो म्हणाला. "आली की इथंच झोपेल."

मग तो शिडी चढला आणि वरचा दगड मागायला त्याने हात खाली केला. डेलियाने कुरकुरत तो उचलून दिला.